मण्यारीचे विष आणि पुन्हा उगवणारी नस

गावाकडे रात्री सापाचे नाव घेत नाहीत. 'जनावर' म्हणतात. साप चावला तर 'पान लागले' म्हणतात. मण्यारीच्या बाबतीत अडचण अशी, की पान लागल्याचे अनेकदा कुणाला कळतच नाही.

बहुतेक वेळा गोष्ट अशी घडते. माणूस जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला असतो. मध्यरात्रीनंतर कधीतरी मुंगी किंवा डास चावल्यासारखे वाटते, तो कूस बदलतो आणि पुन्हा झोपतो. पहाटे पोटात कळ येऊन जाग येते. घरचे म्हणतात, रात्रीचे काहीतरी बाधले असेल. ओवा दिला जातो, सोडा दिला जातो. मग घसा दुखू लागतो, बोलणे जड होते. उजाडेपर्यंत डोळ्यांच्या पापण्या उघडेनाशा होतात. घरच्यांना वाटते, झोप पुरती झाली नाही. अंगावर सूज नाही, रक्त नाही, दातांची खूण शोधूनही सापडत नाही. नागाच्या किंवा घोणसाच्या दंशात जागा सुजते, दुखते, म्हणून माणूस घाबरून दवाखाना गाठतो. मण्यार दुखवत नाही, त्यामुळे पहिले काही तास हातचे निघून जातात.

हे इथे लिहिण्याचे कारण बीड जिल्ह्याचे जगणेच आहे. पावसाळ्यात मण्यारीचा वावर सर्वाधिक असतो आणि त्याच दिवसांत पत्र्याच्या घरात, कुडाच्या घरात, गोठ्याला लागून असलेल्या खोलीत माणसे खाली झोपतात. दिवाळीच्या सुमारास केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारकडची लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. तिथे कारखान्याच्या अड्ड्यावर किंवा फडाच्या कडेला कोपी उभी राहते. कोपीला दार नसते, जमीन हीच गादी असते. आजूबाजूला उसाचे पाचट, उंदीर आणि बेडूक असतात. मण्यार रात्री बाहेर पडते ती लहान साप, पाली, बेडूक, उंदीर शोधत. ती माणसाच्या शोधात नसते. अंथरुणाच्या उबेला आलेली असते आणि कुशीखाली दबली की चावते. थंडी वाढली की तिची हालचाल कमी होते, पण हंगामाच्या सुरुवातीचे आठवडे आणि परतीचे उन्हाळी दिवस धोक्याचेच.

भारतात सर्पदंशाने किती माणसे दगावतात, याचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दिला. २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यातले बहुतेक ग्रामीण भागातले. या मृत्यूंमागचे प्रमुख साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. घोणस आणि फुरसे यांचे विष मुख्यतः रक्तावर काम करते, नाग आणि मण्यार यांचे नसांवर. नस म्हणजे इथे मज्जातंतू. आपल्याकडे रक्तवाहिनीलाही नस म्हणतात आणि त्यातून पुष्कळ गैरसमज होतात, म्हणून आधीच सांगितलेले बरे.

नाग आणि मण्यार दोघेही लकवा आणतात. पण दोघांची तऱ्हा वेगळी आहे, आणि रुग्णाचे पुढचे काही दिवस त्या फरकावर ठरतात.

हा फरक समजायला ठिबक सिंचन डोळ्यांसमोर आणावे. मेंदूतून किंवा मणक्यातल्या मज्जारज्जूतून निघालेली नस ही जणू ठिबकची नळी. ती स्नायूपाशी पोहोचते, पण स्नायूला चिकटत नाही. मध्ये अगदी सूक्ष्म फट असते. नसेच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाच्या लाखो पिटुकल्या पिशव्या भरलेल्या असतात. मेंदूचा हुकूम आला की काही पिशव्या फुटतात, रसायन त्या फटीत पडते, पलीकडच्या स्नायूवरचे ग्राहक ते टिपतात आणि स्नायू आकसतो. पापणी उचलणे, घोट गिळणे, छाती फुगवून श्वास घेणे हे सगळे या थेंबांवर चालते.

नागाचे विष मुळांवर प्लॅस्टिक अंथरावे तसे स्नायूवरचे ग्राहक झाकते. नळी शाबूत, ड्रिपर शाबूत, पाणी पडते आहे, पण मुळाला मिळत नाही. यावर निओस्टिग्मिन नावाचे जुने औषध बऱ्याचदा उपयोगी पडते. पडलेले ॲसिटिलकोलीन लगेच नष्ट होऊ नये, अशी व्यवस्था ते करते. फटीत रसायन साचले की जिथे जिथे जागा मोकळी आहे तिथे ते पोहोचते आणि पापण्या उघडू लागतात. सोबत ॲट्रोपिन द्यावे लागते. डॉक्टर हा प्रयोग करून पाहतात आणि तासाभरात फरक दिसला तर पुढे चालू ठेवतात.

मण्यारीचे विष ड्रिपरच फोडते. तिच्या विषातला मुख्य घटक बीटा-बंगारोटॉक्सिन. हे नाव मण्यारीच्या शास्त्रीय कुळनामावरून, 'बंगारस'वरून आले. तैवानमधल्या चुआन-चिउंग चांग आणि चेन-युआन ली या दोन शास्त्रज्ञांनी १९६३ साली तिथल्या पट्टेरी मण्यारीच्या विषातून अल्फा आणि बीटा असे घटक वेगळे काढले. अल्फा हा नागाच्या विषासारखा ग्राहक झाकणारा. तो इतका घट्ट बसतो, की पुढे जगभरच्या प्रयोगशाळांनी त्याचाच वापर करून ॲसिटिलकोलीनचा ग्राहक शोधून काढला, वेगळा केला. सापाच्या विषाचे विज्ञानावर असे उपकार आहेत. बीटाचा स्वभाव मात्र वेगळा. तो नसेच्या टोकाच्या पातळ आवरणातली स्निग्ध द्रव्ये कातरत जातो. पहिल्यांदा पिशव्या भराभर रिकाम्या होतात, मग नव्या भरत नाहीत, आणि अखेर टोकच मोडून पडते.

हे 'मोडून पडणे' प्रत्यक्ष दाखवले ते इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्याने. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात उंदरांना बीटा-बंगारोटॉक्सिन देऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे स्नायू पाहिले गेले. नसेची टोके रिकामी होऊन नष्ट झाली होती, स्नायूत शिरलेल्या नसेच्या आतला सांगाडाही ढासळला होता. स्नायूच्या बाजूचे ग्राहक मात्र जागच्या जागी होते. म्हणजे पलीकडे वाट पाहणारा आहे, पाठवणाऱ्याचा हात गेला आहे. असे असेल तर निओस्टिग्मिनचा काय उपयोग? थेंबच पडत नाहीत, ते साचवणार कसे? मण्यारीच्या रुग्णाला हे औषध सहसा लागू पडत नाही, त्यामागचे कारण हे.

त्याच प्रयोगात दुसरी गोष्टही दिसली, आणि मला ती अधिक मोलाची वाटते. तिसऱ्या ते पाचव्या दिवसापासून नष्ट झालेल्या नसांना नवे धुमारे फुटू लागले. ऊस तोडल्यावर खोडव्याला फुटतात तसे. सातव्या दिवसापर्यंत स्नायूंशी पुन्हा जोडणी झाली होती. काही धुमारे तर शेजारच्या स्नायुतंतूपर्यंत जाऊन त्यालाही जोडले गेले.

नस पुन्हा उगवत नाही असे आपण ऐकत आलेलो असतो आणि ते अर्धे खरे आहे. मेंदूत आणि मज्जारज्जूत तुटलेले तंतू वाढत नाहीत. हे नोबेल मिळवलेल्या स्पेनच्या रामोन इ काहाल यांनी शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवले आणि आजही पाठीचा कणा मोडलेल्या माणसाला पायावर उभे करणारे औषध नाही. हातापायांतल्या नसांचे तसे नसते. मूळ चेतापेशी मज्जारज्जूत सुखरूप असेल, तर तिचा तुटलेला तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाढतो. मनगटापाशी कापलेल्या नसेला बोटांच्या टोकापर्यंत यायला त्यामुळे महिनोन्‌महिने लागतात. मण्यारीच्या विषाने जाते ते फक्त शेवटचे टोक. मूळ पेशीला धक्का नसतो, नसेभोवतीची खोळही बरीचशी राहिलेली असते. वाढायचे अंतर अगदी थोडे. म्हणून वर्षाचे काम आठवड्यात होते.

म्हणजे मण्यारीचा रुग्ण बरा होण्याची सोय शरीरात आहे. फक्त त्या आठवड्यात त्याचा श्वास चालू राहिला पाहिजे.

आता औषधांकडे येऊ. मण्यारीवर आज आपल्याकडे असलेले एकमेव नेमके औषध म्हणजे प्रतिसर्पविष. घोड्यांना चारही सापांचे विष अगदी थोड्या मात्रेत टोचत नेऊन त्यांच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांपासून ते करतात. मुंबईच्या हाफकिनचे नाव या संदर्भात महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. कुपीवर लिहिलेले असते, की १ मिलिलिटर औषध मण्यारीचे ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करते. हे प्रतिपिंड रक्तातले आणि रक्ताबाहेर झिरपलेले विष पकडतात. पण नसेच्या टोकाला जे भिडले, ज्याने आपले काम सुरू केले, त्याला ते परत बोलावू शकत नाहीत. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी मण्यारीच्या रुग्णांचे रक्त आणि नसांचे काम दोन्ही एकाच वेळी तपासले. औषध दिल्यावर रक्तातले मोकळे विष संपले होते, तरी आधीच उतरलेला लकवा हटला नाही. तो हटला तो दिवसांनी, आपल्या गतीने.

याचा अर्थ प्रतिसर्पविष निरुपयोगी असा कुणी काढू नये. ते नसांचे रक्षण करणारे औषध आहे, गेलेली नस उगवणारे नव्हे. पापणी जड होण्याआधी किंवा होता होता दिले तर वाचलेली टोके वाचतात. पूर्ण लकवा आल्यावर दिले तर मागे वळायला फारसे काही उरलेले नसते. म्हणूनच देशाच्या उपचार मार्गदर्शक तत्त्वांत नसांवर परिणाम झालेल्या रुग्णाला एकूण २० कुप्यांपुढे जाऊ नये असे सांगितले आहे. दवाखान्यात नातेवाईक 'अजून बाटल्या लावा' म्हणून डॉक्टरांशी भांडतात, तेव्हा हे ध्यानात ठेवलेले बरे. त्या वेळी रुग्णाला बाटली नव्हे, हवा हवी असते.

हवा देण्याचे साधन म्हणजे व्हेंटिलेटर. तो नसेल तेव्हा अंबू बॅग. ही रबरी किंवा सिलिकॉनची पिशवी हाताने दाबून रुग्णाच्या छातीत हवा भरता येते. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सत्तरच्या दशकात सुरू झाले, तेव्हा आशियातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून त्याचा गाजावाजा झाला. केज, धारूर, परळीकडच्यांना तिथला अतिदक्षता विभाग जवळ पडतो, आष्टीकडच्यांना अहिल्यानगर. पण खेड्यापासून तिथपर्यंतच्या रस्त्यातच श्वास थांबण्याची भीती असते. ग्रामीण रुग्णालयात घशात नळी घालून, कुणीतरी सतत अंबू बॅग दाबत रुग्णाला पुढे पाठवले, तर तो पोहोचतो. या कामाला महागडे यंत्र लागत नाही. नळी घालता येणारा डॉक्टर, न थकणारे हात आणि आळीपाळीने दाबायला दोन माणसे लागतात.

हे किती खरे आहे, हे सांगणारी एक घटना म्यानमारमधली आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया ॲकॅडमी ऑफ सायन्सेसचे सर्पतज्ज्ञ जो स्लोविन्स्की सप्टेंबर २००१ मध्ये उत्तर म्यानमारच्या दुर्गम जंगलात मोहिमेवर होते. एका पिशवीत हात घालताना छोटी मण्यार त्यांना चावली. त्यांना काय होणार हे त्यांना स्वतःला नेमके माहीत होते. श्वास थांबेल, पण कुणी तो चालू ठेवला तर आपण वाचू, असे त्यांनी सोबत्यांना सांगितले. सोबत्यांनी तोंडाने श्वास देत जवळपास एक दिवस त्यांना जिवंत ठेवले. पावसाळी हवेमुळे हेलिकॉप्टर येऊ शकले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. सापांवर आयुष्य घालवलेला माणूस, सोबत डॉक्टर नाही, यंत्र नाही. आपल्या कोपीतल्या माणसाची स्थिती वेगळी नसते, एवढेच की त्याच्यावर कुणी पुस्तक लिहीत नाही.

स्लोविन्स्कींच्या मृत्यूने त्याच संस्थेशी पुढे जोडल्या गेलेल्या मॅथ्यू ल्युइन या डॉक्टरांना एका प्रश्नाने पछाडले. दवाखाना दूर असतो, इंजेक्शन शीतपेटीत ठेवावे लागते, मग दंश झाला तिथेच घेता येईल असे काही का नाही? शोधता शोधता त्यांच्या हाती व्हॅरेस्प्लॅडिब लागले. हे औषध मुळात सापासाठी नव्हतेच. हृदयविकाराच्या रुग्णांत शरीराचे एक विकर रोखण्यासाठी ते वापरून पाहिले होते. पाच हजारांहून अधिक रुग्णांवरची चाचणी फायदा दिसत नाही, उलट धोका दिसतो म्हणून २०१२ साली मध्येच थांबवावी लागली. औषध अडगळीत गेले. पण ते ज्या विकराला रोखते, त्याच घराण्यातले विकर सापांच्या विषात असते. फॉस्फोलिपेज ए-२ हे त्याचे नाव, आणि मण्यारीचा बीटा-बंगारोटॉक्सिन हाही याच घराण्यातला. हृदयरोग्याला ते आठवडेच्या आठवडे द्यावे लागत होते, सर्पदंशात मोजके दिवस पुरेल. २०१६ साली प्रयोगशाळेत अनेक सापांच्या विषांवर त्याचा परिणाम दिसला. २०१८ मध्ये अत्यंत जहाल अशा पापुआच्या तायपान सापाचे विष टोचलेल्या उंदरांना हे औषध उशिरा, तेही तोंडावाटे दिले, तरी ते वाचले.

माणसांवरची चाचणी भारत आणि अमेरिकेत झाली आणि तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. ९५ रुग्ण होते. सर्वांना नेहमीचे उपचार, प्रतिसर्पविषासह, मिळाले. निम्म्यांना सोबत व्हॅरेस्प्लॅडिब, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. निकाल? आधी ठरवलेल्या मुख्य कसोटीवर दोन्ही गटांत ठोस फरक दिसला नाही. दंशानंतर पाच तासांच्या आत उपचार सुरू झालेल्यांत मात्र औषध घेतलेल्यांची प्रकृती अधिक सुधारल्याचे दिसले. अशा उपगटातल्या आकड्यांवर फार भरवसा ठेवू नये, हे विज्ञान वाचणाऱ्याने पक्के धरावे. चांगली बातमी आधी ठरवून मग आकडे निवडण्याचा मोह तिथे फार असतो. तरीही, नसेचे टोक मोडण्याआधी विकर रोखले पाहिजे, या जीवशास्त्राशी तो निष्कर्ष जुळतो. पुढच्या चाचण्या लवकर गाठलेल्या रुग्णांवरच व्हायला हव्यात, असे मला वाटते. तूर्त हे औषध कुठल्याही मेडिकलमध्ये मिळत नाही आणि कुणी 'सापाची गोळी' म्हणून काही विकत असेल तर ते हे नव्हे.

व्हॅरेस्प्लॅडिब झाले रक्षणाचे. उगवण्याचे काय? नष्ट झालेल्या टोकाला लवकर धुमारे फुटावेत, सात दिवसांचे चार व्हावेत असे औषध आले, तर व्हेंटिलेटरवरचे दिवस कमी होतील. न्यूमोनियाचा धोका आणि खाटेचा खर्च दोन्ही घटेल, आणि एका खाटेवर दोन रुग्ण वाचतील. इटलीतल्या पादुआ विद्यापीठात मिकेला रिगोनी, चेझारे मोंतेकुक्को आणि त्यांचे सहकारी यावरच काम करत आहेत. नसेच्या टोकाभोवती श्वान पेशी नावाच्या राखणदार पेशी असतात. टोक नष्ट झाले की या पेशी एक संदेशद्रव्य सोडतात आणि त्याला प्रतिसाद म्हणून नस पुन्हा वाढू लागते, हे त्यांनी २०१७ मध्ये दाखवले. मग तोच प्रतिसाद जागा करणारा एक लहान रेणू, एनयूसीसी-३९० हे त्याचे सांकेतिक नाव, त्यांनी उंदरांना दिला. सापाच्या विषाने मोडलेली टोके लवकर उगवली. तायपानच्या विषाने लकवा आलेल्या उंदरांतही सुधारणा वेगाने झाली. अजून हे सारे उंदरांतच आहे. उंदरातून माणसात येताना नसांवरची किती औषधे वाटेत गळाली, याची यादी करायला एक अख्खे पान लागेल.

इथे एका गोळीबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय राहवत नाही. हातापायांना मुंग्या येतात म्हटले की आपल्याकडे 'नसांची गोळी' म्हणून मिथाइलकोबालामिन लिहून दिली जाते किंवा दुकानातून मागून घेतली जाते. ते ब-१२ जीवनसत्त्वाचे एक रूप आहे. ब-१२ खरोखर कमी असेल, जसे निव्वळ शाकाहारी लोकांत किंवा वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींत असू शकते, तर त्याने नसांचे भले होते. पण ती कमतरता भरून काढणे झाले. विषाने मोडलेली नस त्याने उगवत नाही. मण्यारीच्या रुग्णाला बाहेरून ही इंजेक्शने आणून द्या, असा आग्रह धरण्यात पैसे जातात, बाकी काही नाही.

आता एक गोष्ट, जी प्रत्येक नातेवाइकाने वाचावी असे मला वाटते. मण्यारीचे विष सहसा मेंदूला हात लावत नाही. ते स्नायूंची जोडणी तोडते. त्यामुळे पूर्ण लकवा आलेला रुग्ण हलत नाही, डोळे उघडत नाही, बाहुल्या विस्फारलेल्या आणि उजेडाला न आकसणाऱ्या असतात, चिमटा काढला तरी प्रतिक्रिया नाही. पाहणाऱ्याला वाटते, गेला. डॉक्टरलाही, सापाची शंका आली नसेल तर, मेंदू मृत झाल्याचा भास होऊ शकतो आणि अशा घटना भारतातल्या वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. आतून तो माणूस जागा असू शकतो. त्याला ऐकू येते. बरे झालेल्या रुग्णांनी खाटेजवळचे बोलणे नंतर सांगितलेले आहे. म्हणून खाटेशी रडून 'गेला रे' म्हणू नये, घरी नेण्याची घाई करू नये. नाव घेऊन बोलावे, तारीख, वेळ सांगावी, पोरे कुठे आहेत ते सांगावे. आणि अशा रुग्णावर मृत्यूचा शिक्का मारण्याआधी दिवस जाऊ द्यावे लागतात, हे डॉक्टरांना विचारायला संकोच करू नये.

गावात अजून काही रिवाज आहेत. पान लागले की मारुतीच्या पारावर नेतात. कडुलिंबाचा पाला किंवा मिरची चारून पाहतात, कडू-तिखट लागले तर विष चढले नाही म्हणतात. मांत्रिकाचा गुण येतो असे वाटते, कारण पुष्कळ साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. मण्यारीसारखाच दिसणारा कवड्या साप घराघरांत निघतो. त्याचे पांढरे पट्टे डोक्याकडे ठळक, मण्यारीचे शेपटीकडे. कवड्या चावलेला माणूस पारावरून चालत घरी जातो आणि मंत्राची कीर्ती वाढते. मण्यारीच्या दंशात हा पाला चारणे थेट घातक ठरू शकते. गिळण्याचे स्नायू ढिले पडलेले असतात, घास श्वासनळीत जातो. त्या वेळी तोंडात पाणीसुद्धा घालू नये. रुग्णाला एका कुशीवर ठेवावे, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नये, दोरी आवळू नये, ब्लेडने कापू नये. १०८ ला फोन करावा आणि त्यांना यायला वेळ असेल तर मिळेल त्या गाडीने निघावे.

आणि चाव्याची खूणच नसेल तर? रात्री धडधाकट माणूस जमिनीवर झोपला, पहाटे पोट दुखत उठला आणि पापण्या उघडेनात, तर साप दिसला नसला तरी दवाखान्यात तोंडाने स्पष्ट सांगावे: 'हा खाली झोपला होता.' पोटदुखीच्या सलाइनवर ठेवलेला रुग्ण आणि अतिदक्षता विभागात पोहोचलेला रुग्ण यांच्यात कधी कधी एवढ्या एका वाक्याचा फरक असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत वरचे स्थान दिले आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरवले. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनेही तेच उद्दिष्ट ठेवून राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि त्या वर्षाच्या अखेरीस सर्पदंशाची नोंद सक्तीची करावी असे राज्यांना कळवले. ऊसतोड कामगारांच्या बाबतीत ही नोंद कुठे होणार, हा प्रश्न मोठा अवघड आहे. माणूस पाटोद्याचा, चावला सांगलीच्या फडात, दगावला वाटेत. मुकादमाच्या वहीत तो एक कमी झालेला कोयता असतो.

नसा वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय औषधांच्या दुकानात नाही. नेपाळच्या तराई भागात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना घरातल्या सर्पदंशापासून बरेच संरक्षण मिळते असे आढळले. बाजेवर झोपले तर आणखी चांगले. पण ऊसतोडीला निघताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, पेटी, सरपण, शेळ्या आणि माणसे चढल्यावर बाजेला जागा उरत नाही. मच्छरदाणीची घडी मात्र उशीएवढी होते. ती बांधल्यावर चारही कडा अंथरुणाखाली खोचायच्या, आणि झोपण्याआधी बॅटरी मारून गोधडी झटकायची.